मीठ टाका, असं कोण म्हणालं?

डेल नावाच्या माणसाने मनोहर कारखानीस नावाच्या माणसाला फसवलं. स्की क्लबच्या हॉलमध्ये, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, कॉफी पीत पीत फसवलं. पैशात फसवलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पैसे कसे काढायचे ते मला येतं, त्याच्यावरच माझं घर चालतं. पण डेलने जे काढून घेतलं ते कुठला वकील परत आणून देत नाही. आणि ज्याचं गेलं, त्याला आता आपलं काही गेलंय हेसुद्धा कळत नाही. तो उलट डेलच्याच बाजूने बोलतो.

त्या माणसाला आम्ही काका म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचो. माझं ऐकून त्या टेकडीवरच्या गोऱ्या लोकांना वाटलं की हेच त्याचं नाव. मग क्लबने जे जॅकेट शिवून दिलं त्याच्या छातीवरही दोऱ्याने तेच भरलं होतं, काका. बर्फात पोल रोवणाऱ्या पोरापासून लिफ्ट चालवणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळे ‘गुड मॉर्निंग, काका’ करायचे. कारखानीस हे आडनाव त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्या नावाचं पुढे काय झालं ते सांगतोच.

मी मांडववाला. माझे वडील सांगलीत मांडवाच्या कामावर होते, लग्नाचे खांब उभे करायचे. मला बहिणीने इकडे बोलावून घेतलं. डिग्री नाही, व्हिसावर आलेल्या इंजिनियरांसारखा बायोडेटा नाही. एका माणसाचे दोन तंबू भाड्याने घेऊन सुरुवात केली. आता तंबू, हीटर, जनरेटर, खुर्च्या, फिरते संडास, सगळं माझं स्वतःचं आहे. हिवाळ्यात विस्कॉन्सिनच्या वरच्या अंगाला स्कीच्या शर्यती होतात, उन्हाळ्यात त्याच राज्यात गाड्यांच्या. दोन्हीकडे माझा माल जातो. शर्यत म्हटलं की लोकांना डोंगरावरून सुसाट येणारी मुलगी दिसते नाहीतर वळणावर किंचाळणारी गाडी दिसते. तिच्यामागे जाळ्या बांधणारे, फाटकं रोवणारे, झेंडे दाखवणारे, तेल सांडलं तर भुकटी टाकणारे कितीतरी लोक असतात. बहुतेक बिनपगारी. एक जॅकेट आणि दुपारचं सँडविच, बस्स. काका त्यातले.

पहिली भेट अशी. वाऱ्याने माझा एक तंबू उचलला होता आणि मी फोनवर माझ्या ड्रायव्हरला इंग्रजीत झापून, फोन ठेवून, उरलेलं मराठीत हवेला ऐकवत होतो. मागून आवाज आला, “झालं का? की अजून कुणाची आई-बहीण राहिलीय?”

वळून बघतो तर हेल्मेटच्या आत माकडटोपी घातलेला एक बुटका, गोरा, नाकाचा शेंडा लाल झालेला म्हातारा. बगलेत बादली.

“तुम्ही मराठी?”

“नाही, मी नॉर्वेचा. मांडववाले, आमच्या लोकांच्या तंबूत हीटर का नाही?”

“क्लबने मागितला नाही म्हणून नाही. मी फुकट काही देत नाही.”

“फुकट कोण मागतंय? दशम्या आहेत. लसणाची चटणी आहे. आमच्या हिने काल केल्यात.”

“किती आहेत?”

“आधी हीटर दिसू दे.”

मी माणसं जोखून खातो. घासाघीस हा माझा धर्म आहे. पण त्या दिवशी एक गॅसचा हीटर मी डबाभर दशम्यांवर सोडला, आणि डबा उघडला तेव्हा अर्ध्या आधीच खाल्लेल्या होत्या. “तू किती आहेत ते बघितलंच नाहीस,” काका म्हणाले, “मोठा धंदेवाला!” त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात तो हीटर त्यांच्या तंबूत गेला. दशम्या करणाऱ्या शैलाकाकू वारल्या त्यानंतरही गेला. तेव्हा डब्यात दुकानातले थेपले असायचे.

काका माझ्याच गावात, शॉमबर्गला राहायचे. रेफ्रिजरेशनचे इंजिनियर, फार आधी आलेल्या पिढीतले. “जन्मभर वस्तू गार केल्या,” ते म्हणायचे, “आता जे आपोआप गार झालंय ते टिकवायचं.” डोंगरावर आले मुलीमुळे. अंजलीला लहानपणी स्की शिकायला घातलं होतं. तिने एका हिवाळ्यात कंटाळून सोडून दिलं, बाप मात्र तिथेच राहिला. स्वतः कधी स्की पायात घातली नाही. बुटाला काटे लावून चालायचे.

त्यांचं काम मीठ टाकायचं. हे मला आधी खोटंच वाटलं होतं. मीठ बर्फ वितळवतं, आमच्या शॉमबर्गच्या रस्त्यांवर थंडीभर त्यासाठीच ओततात. पण वसंताच्या तोंडावर उन्हाने शर्यतीच्या वाटेवरचा बर्फ मऊ आणि ओला पडतो, स्की रुतायला लागतात. तेव्हा त्या ओल्या बर्फात नेमक्या वेळी मीठ टाकलं की ते बर्फातली उष्णता ओढून घेतं, सुटलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि वाट फरशीसारखी टणक होते. पण एकदाच. ओल आलेली नसताना टाकलं, तर वरून जरा वेळ छान दिसतं आणि आतून सगळं साखरेसारखं भुसभुशीत होत जातं. मग पुन्हा मीठ टाकून उपयोग नाही.

ओल आली की नाही हे बघायची त्यांची एकच रीत. हातमोजा काढायचा, मूठभर बर्फ घ्यायचा, दाबायचा. बोटांतून पाणी निघालं तर बादल्या उचला. नाही निघालं तर थांबा. प्रत्येक नव्या माणसाला ते स्वतःच्या हाताने मूठ दाबायला लावत. मलाही लावलं. “पाणी सुटलं? नाही ना? मग बस गप.”

आणि टाकायचे कसं, तर उताराला पाठ करून, उलटं चालत, म्हणजे टाकलेल्या मिठावर पाय पडत नाही. मनगटातून, जमिनीला धरून. नव्या पोरांनी मुठी भरून वरून फेकलं की काका मराठीत ओरडायचे, “लग्नातल्या अक्षता आहेत का रे? पुढच्याच्या टाळक्यात मारायच्या?” त्या पोरांना शब्द कळायचा नाही, पण हात खाली यायचा.

मी त्यांना कधी नम्र वगैरे बघितलं नाही. चांगले आढ्यतेखोर होते. जेवणाबद्दल तक्रार, कॉफीबद्दल तक्रार, माझ्या संडासांबद्दल तर व्याख्यान. क्रिकेटवर ठाम मतं आणि बहुतेक चुकलेली. पण कामाच्या जागी एक गोष्ट पक्की होती. ते म्हणायचे, “आपण दिसलो म्हणजे काहीतरी चुकलं.” शर्यत सुरू झाली की ते झाडाच्या कडेला असे जाऊन उभे राहायचे की कॅमेऱ्यात बादलीचा काठही यायचा नाही.

दुसरी एक गोष्ट मला तेव्हा आवडायची, आता तिच्यावर राग येतो. उन्हाळ्यात ते गाड्यांच्या ट्रॅकवर वळणावर झेंडेवाले म्हणून उभे राहत. पुढे अपघात झाला की पिवळा झेंडा, मागच्यांनी वेग कमी करायचा. एकदा मी पाण्याचे कॅन द्यायला त्यांच्या वळणावर गेलो होतो. एक गाडी कडेला वाळूत रुतलेली, काकांच्या हातात पिवळा झेंडा. कंट्रोलरूममधून आदेश आला, झेंडा खाली. काकांच्या मते गाडी अजून फार जवळ होती. त्यांनी झेंडा त्याच क्षणी खाली घेतला, आणि मग मला मराठीत जे सांगितलं ते छापता येणार नाही.

मी म्हटलं, “मग तेव्हाच बोलायचं ना! भांडायचं!”

“आधी करायचं, मग भांडायचं,” काका म्हणाले. “प्रत्येक वळणावर प्रत्येकाने आपली अक्कल चालवली तर माणसं मरतील. सांगणारा एकच पाहिजे.”

“आणि सांगणारा गाढव असेल तर?”

“तर संध्याकाळी त्याला गाढव म्हणायचं. चहा दे.”

त्या दिवशी शर्यत संपल्यावर मी तो प्रकार पहिल्यांदा बघितला. जिंकून, हरून झालं की गाड्या शेवटची एक फेरी हळू मारतात. तेव्हा प्रत्येक वळणावरचे झेंडेवाले पुढे येऊन सगळे झेंडे, नाहीतर दोन्ही हात, वर करून हलवतात, आणि गाडीतून एक हातमोजा बाहेर येऊन उत्तर देतो. दिवसभरात फक्त तेव्हाच ते दिसतात. काका दोन्ही हात डोक्यावर नेऊन पोरासारखे हलवत होते. शेवटची गाडी गेली तसे खाली बसले. “झालं,” म्हणाले, “डबा काढ.”

स्कीमध्ये असली पद्धत नाही. पण मेगन नावाची एक मुलगी होती क्लबची, कॉलेजात जायच्या वयाची, चांगली वेगवान. तिला काकांनी लिफ्टच्या रांगेत हे कधीतरी सांगितलं असणार. तेव्हापासून ती खाली पोचली की मागे वळून डोंगराकडे एक काठी वर करायची. झाडाच्या कडेला उभा असलेला माकडटोपीवाला कुणाला दिसत नसे. तिला माहीत असायचं.

आता रेडिओबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घात तिथे झाला. शर्यतीच्या दिवशी कामाच्या प्रत्येक माणसाकडे रेडिओ असतो. एक मुख्य चॅनल, सगळे ऐकतात, कमी बोलायचं, इंग्रजीत. मला तंबू-जनरेटरसाठी वेगळा चॅनल दिलेला. काका मुख्य चॅनलवर दोन शब्द बोलायचे आणि मग माझ्या चॅनलवर येऊन मराठीत मनातलं सगळं ओकायचे. डेलला त्यांनी सरपंच नाव ठेवलं होतं. डेल त्या क्लबचा शर्यतप्रमुख. उंच, पांढऱ्या दाताचा, स्नोमोबिलवरून फिरणारा, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवणारा. “सरपंच निघाले,” रेडिओवर यायचं, “टोपी नवी दिसतेय. ग्रामस्थांनी नोंद घ्यावी.” मी जनरेटरपाशी एकटाच हसत असायचो. कित्येक हिवाळे आम्ही हेच केलं. इंग्रजीत होय म्हणायचं आणि मराठीत भांडायचं. इकडे आलेल्या आपल्या माणसांना ही सवय लागते. ऑफिसात “शुअर, नो प्रॉब्लेम” आणि गाडीत बसल्यावर घरी फोन करून खरं काय ते. आपल्याला वाटतं, बोलून झालं. ज्याने ऐकायला हवं त्याने ऐकलेलंच नसतं.

त्या दिवशी मार्चातलं ऊन होतं, पण रात्रीची थंडी अजून बर्फात होती. मोठी शर्यत, प्रायोजकाचे पाहुणे यायचे होते. त्यांच्यासाठी शेवटच्या उताराशी मी पांढरा तंबू उभारलेला, गालिचासकट. सकाळी माझ्या चॅनलवर काकांचा आवाज आला.

“मांडववाले, सरपंच वर आलेत. म्हणतायत आत्ताच मीठ टाका.”

“मग टाका की.”

“अरे पाणी कुठाय? मूठ दाबली, कोरडी ठणठणीत. ऊन खालच्या उतारावर यायचंय अजून. मी म्हटलं थांबू या. तर म्हणतो, पाहुणे आल्यावर कोर्सवर बादल्या घेतलेली माणसं दिसायला नकोत. मला म्हणतो, काका, तूच म्हणतोस ना, आपण दिसलो म्हणजे काहीतरी चुकलं? माझंच वाक्य मला ऐकवतोय, नालायक!”

मी म्हटलं, “नाही म्हणा. मुख्य चॅनलवर सांगा सगळ्यांना.”

“आधी करायचं,” काका म्हणाले. “संध्याकाळी बघतो त्याच्याकडे.”

मग मुख्य चॅनलवर डेलचा गोड आवाज आला. तोवर तो स्नोमोबिलवरून खाली पोचला होता. “काका, तुम्ही मीठ टाकताय का?”

आणि काका म्हणाले, “कॉपी. सॉल्टिंग.” म्हणजे, समजलं, टाकतोय.

हे एवढंच जगाने ऐकलं. वर, दोघांत, समोरासमोर जे झालं ते कुणी ऐकलं नाही. मराठीत जे झालं ते फक्त मी ऐकलं.

सकाळची पहिली फेरी झकास झाली. वाट चकाकत होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, डेल गालिच्यावर उभा राहून खांद्यांवर हात ठेवत फिरला. दुपारी दुसऱ्या फेरीत शेवटच्या उतारावर वाट आतून बसली. मेगनची स्की एका खड्ड्यात अडकली आणि ती जाळीत गेली. मी तंबूपाशी होतो. आवाज आला तो मला अजून येतो. हेलिकॉप्टर तिला घेऊन गेलं तेव्हा काका उतारावर गुडघ्यांवर बसले होते, मोजा काढून. खड्ड्यातला बर्फ मुठीत घेत होते, सोडत होते. सगळ्यांना दिसत होते.

मेगन वाचली. कमरेपासून पुन्हा जोडावी लागली. आता काठी घेऊन चालते, स्कीची नाही. काका फुलं घेऊन हॉस्पिटलात गेले तेव्हा तिच्या आईने खोलीचं दार त्यांच्या तोंडावर लावून घेतलं. ते फुलं नर्सांच्या टेबलावर ठेवून आले. मी गाडीत वाट बघत होतो. गाडीत बसल्यावर म्हणाले, “गुलाब नको होते घ्यायला.”

क्लबच्या हॉलमध्ये बैठक झाली. लांब टेबल, कॉफीचे कप. डेल फार दुःखी चेहऱ्याने बोलला. म्हणाला, मी फक्त विचारलं होतं, मीठ टाकताय का. ते टाकतच होते. एवढ्या अनुभवी माणसाला मी कशाला थांबवू? आणि मग काकांकडे वळून, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात, “काका, मीठ तुम्ही टाकलंत ना?”

किती साधा प्रश्न. किती हुशार माणूस. मी जन्मभर सौदे करतोय, असा कसलेला सौदागर मी पाहिला नाही. कुठला प्रश्न विचारायचा हे त्याला माहीत होतं, आणि समोरचा खोटं बोलणार नाही हेही.

काका म्हणाले, “आय थ्रू इट.”

“काका, पुढचं बोला!” मी मराठीत ओरडलो. “त्याने सांगितलं ते बोला!”

काका माझ्याकडे बघून म्हणाले, “हात माझाच होता ना रे. मूठ मीच दाबली होती. मला माहीत होतं.”

मग मी उभा राहिलो. सांगितलं सगळं, डेल वर आला होता, त्याने आत्ताच टाका म्हटलं, काकांनी विरोध केला. अध्यक्ष म्हणून बसलेल्या बाईंनी विचारलं, विरोध कुणाकडे केला? म्हटलं, माझ्याकडे. कुठल्या चॅनलवर? तंबूच्या. कुठल्या भाषेत? मी सांगितलं. टेबलाभोवती सगळे आपापल्या कपात बघायला लागले. डेल म्हणाला, “तंबूच्या भाड्यावरून या आठवड्यात तू माझ्याशी किती भांडलास ते इथे सगळ्यांना माहीत आहे. मी ते मनावर घेत नाही.”

खरंच भांडलो होतो. दरवर्षी भांडतो. भांडतो म्हणून माझं खोटं? मी टेबलावर मूठ आपटली, कप सांडले, दोघांनी मला धरून बाहेर काढलं. आमच्या महाराष्ट्र मंडळातले शहाणे लोक मला नंतर म्हणाले, तुम्ही शांतपणे मांडलं असतं तर. शांतपणे मांडायला तिथे काय सत्यनारायण होता?

बाहेर पार्किंगमध्ये काका माझ्यामागे आले. “टेबल कशाला बडवलंस?” म्हणाले. “तुझंच होतं ना, भाड्याने दिलेलं?” मी हसलो नाही. ते हसले. तेवढंच. मग दिवस मावळताना त्यांना सोडायला गेलो तेव्हा म्हटलं, आता म्हणा डेलला गाढव, संध्याकाळ झाली. ते म्हणाले, “म्हणून काय ती चालायला लागणार आहे?”

क्लबने पत्रक काढलं, सगळ्या सभासदांना ईमेल केलं आणि लिफ्टपाशी फलकावरही लावलं. शर्यतप्रमुखांच्या आदेशाशिवाय एका स्वयंसेवकाने स्वतःच्या निर्णयाने मीठ टाकलं, त्या स्वयंसेवकाची सेवा आता थांबवण्यात आली आहे. आणि पुढे नाव. मनोहर कारखानीस. इंग्रजीत, एकही अक्षर न चुकता. त्या टेकडीवर इतकी वर्षं काढल्यावर त्यांचं नाव पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं ते तिथे. मी तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी नवा लावला होता. माझं कामही त्यांनी बंद केलं. त्याचं मला काही नाही, दुसरीकडे मिळतं.

त्यानंतर काका मोटारींच्या ट्रॅकवरही गेले नाहीत. तिथे कुणी त्यांना काढलं नव्हतं. “हात भरवशाचा नाही,” म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात एकदा मी त्यांना वाण्याकडे घेऊन गेलो, तर पार्किंगमध्ये पसरलेलं मीठ बघून गाडीतून उतरेनात. मग विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शैलाकाकू गेल्याचं. अंजली येऊन त्यांना आपल्या घरी, दक्षिणेकडच्या कॅरी गावाला घेऊन गेली. तिकडे बर्फ क्वचितच पडतो.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. अंजली औषधांच्या कंपनीत आहे, त्या दिवशी तिने घरून काम घेतलं होतं. दारातच म्हणाली, “दादा, एक रिक्वेस्ट. तो विषय काढू नका. प्लीज. ही गेट्स अपसेट.”

“मी कशाला काढू?”

“तुम्ही काढता. आय नो यू.”

काका मागच्या अंगणात खुर्चीवर होते. बारीक झालेत. माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, “मांडववाले! हीटर आणलास?”

“गाडीत आहे,” मी म्हटलं. “दशम्या दाखवा आधी.”

हसले. मला वाटलं, आहे, माणूस अजून आहे. जेवायला बसलो. अंजलीने वरणभात, बटाट्याची भाजी केली होती. ताटात डाव्या हाताला लिंबाची फोड होती, लोणचं होतं, मीठ नव्हतं. माझ्या ताटातही नव्हतं. मी मागितलं तर अंजलीने डोळ्यांनीच नाही म्हटलं. मागून स्वयंपाकघरात मला सांगितलं, “समोर मीठ दिसलं की ते ताट सरकवतात. जेवतच नाहीत. मी कपाटात वर ठेवलंय.”

जेवता जेवता काकांनी विचारलं, “मेगन खाली आली का?”

मी म्हटलं, “आली, काका.”

“नाही आली,” काका म्हणाले. घास हातातच राहिला. “मी मीठ टाकलं ना. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य काकांचं नाही. हे त्या पत्रकातलं वाक्य आहे. ते काकांच्या डोक्यात जाऊन बसलंय आणि खरं जे होतं ते तिथून उठून गेलंय. माझ्याच्याने राहवलं नाही.

“काका, सरपंच म्हणाला आत्ताच टाका. तुम्ही नको म्हणालात. मूठ कोरडी होती. तुम्ही मला रेडिओवर सांगितलंत.”

“तुला?”

“मला. मराठीत.”

त्यांनी समजूत घालतात तसा माझ्या हातावर हात ठेवला. “तू माझा माणूस आहेस,” म्हणाले. “तू असंच बोलणार. सरपंच स्वतः म्हणाला असता तर गोष्ट वेगळी.” आणि मग खालच्या आवाजात, “मुलगी लहान होती रे. काठी वर करायची.”

ते रडायला लागले. अंजली उठून आली. “दादा, बास. इनफ.” मला बाजूला घेऊन म्हणाली, “रोज सकाळी उठले की हेच विचारतात, ती खाली आली का. आणि रोज त्यांना नव्याने कळतं. तुम्हाला एक दिवस त्रास होतो. आय लिव्ह विथ इट.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला भाव नव्हता.

निघालो. गाडी रस्त्याला लागली तेव्हा आरशात बघितलं. काका फुटपाथच्या कडेला येऊन उभे होते. अंजली मागून धावत येत होती. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि हलवायला लागले, शेवटची गाडी जाताना वळणावरचे झेंडेवाले हलवतात तसे. मी काच खाली करून हात बाहेर काढला. वळणापर्यंत तसाच ठेवला. त्यांना दिसला की नाही माहीत नाही.

डेल अजून त्याच टेकडीवर शर्यतप्रमुख आहे. मी त्याला फोन केले, इंग्रजीत लिहून पाठवलं. उत्तर नाही. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं तिथे स्की शिकायला जातात, तुम्ही त्याच्याशी हात मिळवता, तो तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. पुढच्या वेळी ठेवला की त्याला विचारा, मीठ टाका असं कोण म्हणालं? सगळ्यांसमोर विचारा. मुख्य चॅनलवर विचारा. मी ओरडलो म्हणून माझं खोटं ठरलं, तुम्ही हळू विचारा.

मला क्लबची माफी नको, पत्रक मागे घ्यायला नको, माझं काम परत नको. यात घासाघीस करणार नाही, एकच मागणं आहे. डेल, तू कॅरीला ये. तिकीट मी काढतो. काका सकाळी उठून विचारतील, त्यांच्यासमोर बस आणि म्हण की मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते विसरतील, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हण. पण लवकर ये. इंग्रजी त्यांना अजून कळतं.